उत्तर येईपर्यंत

माझ्या दिराचा उजवा हात मी सात वर्षं खाली करत आले. कधी नुसतं ओरडून, कधी मनगट धरून, आणि खरं सांगायचं तर पुष्कळदा चापट मारून. चौतीस वर्षांचा बाप्या माणूस, माझ्यापेक्षा वीतभर उंच, स्वयंपाकघराच्या दारात हात वर करून उभा राहायचा आणि मी लाटणं हातात तसंच धरून म्हणायची, "गुंडू, हात खाली!" आता हे लिहिताना मला माझाच संताप येतो. तेव्हा मात्र त्याचा यायचा.

गुंडू म्हणजे गुंडाप्पा, माझ्या नवऱ्याचा धाकटा भाऊ. कानांनी लख्ख, तोंडानं मुका, आणि सरकारी सर्टिफिकेटवर लिहिल्याप्रमाणे 'मतिमंद, पंचाहत्तर टक्के'. उरलेल्या पंचवीस टक्क्यांत काय आहे हे विचारावं, असं आमच्या घरात कुणाच्या डोक्यात आलं नाही. तो आपला आपण जेवायचा, आंघोळ करायचा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. फक्त हा हात. पंजा उघडा, बोटं पसरलेली, डोक्याच्या वर ताठ. शिवाय दुसरे बारीकसारीक हातवारे होतेच. त्यांना आम्ही सरसकट 'चाळे' म्हणायचो.

सासर मूळचं इचलकरंजीचं. माझे सासरे चन्नाप्पा, त्यांचे आठ यंत्रमाग होते. घराच्या मागच्या बाजूला पत्र्याचं खातं, म्हणजे मागांची शेड, आत एका लांब दांड्यावर पट्ट्यांनी चालणारे आठही माग, आणि दाराजवळ सगळे माग एकदम बंद करणारा एकच मोठा खटका. आप्पांची शिस्त कडक. एका मुलानं मागावर, एकानं टेबलावर. त्यामुळे थोरले रुद्रेश, म्हणजे माझे मालक, पाचवीपासून कोल्हापूरला बोर्डिंगात गेले आणि पुढं जिल्हा परिषदेत चिकटले. गुंडू दहाव्या वर्षापासून खात्यात. बायकांनी मात्र खात्यात पाऊल टाकायचं नाही. माझ्या सासूबाई निर्मला, त्यांना आम्ही सगळेच अव्वा म्हणतो, घरात बसून मागासाठी सुताच्या कांड्या भरायच्या, भरलेली पाटी खात्याच्या उंबऱ्यावर ठेवायच्या आणि आत न बघता माघारी यायच्या.

आप्पा शहाण्णवच्या दिवाळीआधी गेले. दुपारी चहाच्या वेळेला कामगार नाक्यावर गेले होते, माग चालूच होते. आप्पांच्या छातीत कळ आली आणि ते दोन मागांच्या मधल्या बोळात कोसळले. खात्यात दुसरं कुणी नव्हतं, फक्त गुंडू. लग्न होऊन मी या घरात आले त्याच आठवड्यात अव्वांनी मला ही हकिकत सांगितली. "बाप मरत हुता आन ह्यो दारात हात वर करून हुबा! दोन पावलांवर खटका हुता. खातं बंद पडलं असतं तर आख्खा नाका पळत आला असता. पर ह्येला त्येवढं बी सुचलं न्हाई."

इचलकरंजीत राहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. तिथं आवाज असला म्हणजे सगळं ठीक. आवाज थांबला की माणसं धावतात.

माग विकले, घर विकलं, आणि मंडळी कोल्हापूरला शाहूपुरीतल्या फ्लॅटमध्ये दुसऱ्या मजल्यावर आली. अव्वांनी मला डाळींचे डबे कुठं, देवाचं तेल कुठं हे दाखवलं, त्याच ओघात हेही शिकवलं, की त्यानं हात वर केला की लगेच खाली करायचा, नाहीतर सवय वाढते. त्या स्वतः त्याच्याकडं बघायच्याही नाहीत. ताट वाढायच्या, ते जमिनीवर ठेवायच्या, आणि पाठ फिरवायच्या. मी नेसरीच्या शेतकऱ्याच्या घरातली, तोंडानं फटकळ. पण सासूच्या दुःखाबद्दल काय बोलणार? मीही हात खाली करत राहिले.

दोन हजार चारच्या मे महिन्यात मला शिक्षणसेवकाची ऑर्डर आली. डी.एड. होऊन दहा वर्षं झाली होती. गाव वारणानगरच्या पुढं, चौदा जूनला, सोमवारी हजर व्हायचं. मी आनंदानं नाचायचीच बाकी होते, आणि मग प्रश्न आला की दिवसभर गुंडूला कोण बघणार. अव्वांचे गुडघे गेलेले, जिना उतरून त्यांना सहा महिने झाले होते. आणि त्या म्हणाल्या, "माझ्यापाशी ठिवू नगासा. एकलीच्या माझ्या म्होरं त्यो हात वर करून हुबा ऱ्हायलेला मला सोसायचा न्हाई."

मंगळवार पेठेत एका संस्थेनं नुकतीच अठरा वर्षांवरच्या 'मुलां'साठी कार्यशाळा सुरू केली होती. चाळिशीला आलेल्यांनाही तिथं मुलंच म्हणत. मतिमंदांची शाळा अठराव्या वर्षी संपते, मग ही माणसं घराच्या कोपऱ्यात बसतात ती आई मरेपर्यंत, म्हणून ही सोय. दहा ते चार उदबत्त्या भरायच्या, कागदी पिशव्या चिकटवायच्या. पंधरा दिवस ठेवून बघणार, जमलं तर कायम. नाही जमलं तर रुद्रेशनी दुसरी तजवीज केली होती. विजापूरकडच्या एका गावात निवासी आश्रम होता. तिथला फॉर्म आमच्या टीव्हीवर पेपरवेटखाली पडून होता. अव्वा रोज एकदा तरी म्हणायच्या, "सही करून टाक की त्येच्यावर."

पहिला तास गुंडू फार छान काम करायचा म्हणे. उदबत्त्यांच्या जुड्या अशा सरळ लावायचा की बघत राहावं. पण अकरा वाजता शेजारची मसाला कांडपायची गिरणी सुरू व्हायची. की याचा हात वर. मग काम बंद, जेवण बंद. तिथल्या सरांनी हात ओढायचा प्रयत्न केला तर हा ढकलायचा. एकदा सर पडले. बाराव्या दिवशी चिठ्ठी आली, 'सदर लाभार्थी आमच्या कार्यशाळेस योग्य वाटत नाही.'

त्या संध्याकाळी रुद्रेशनी फॉर्मवर सही केली. तेरा तारखेला, रविवारी सकाळी जीप सांगितली.

गुरुवारी संघप्रिया आली. ती त्या संस्थेची घरी येऊन भेटणारी मुलगी, पंचवीस-सव्वीस वर्षांची, स्कूटीवरून यायची, बोलायला अगदी शांत. तिचा शांतपणा बघूनच माझं डोकं फिरायचं. मागच्या गुरुवारी तिनं मला एक वही दिली होती आणि सांगितलं होतं, "वहिनी, तो हात वर करतो तेव्हा काय चालू असतं, तेवढंच लिहा." मी रागारागानं लिहिलं होतं. तिनं वही उघडली आणि मोठ्यानं वाचायला लागली.

"मिक्सर. खाली पाण्याची मोटर. मिक्सर. रिक्षा उभी, इंजिन चालू. पाण्याची मोटर. शेजारचं वॉशिंग मशीन. पाण्याची मोटर." ती थांबली. "वहिनी, हे तुम्हीच लिहिलंय. तुम्हाला दिसलं नाही?"

मला खरंच दिसलं नव्हतं. सात दिवस मी स्वतःच्या हातानं लिहीत होते आणि मला ते दिसलं नव्हतं. त्यामुळं मी आणखीच चिडले.

"बरं मग? मोटरचा आवाज आवडत नसेल त्याला."

"आवाज आवडत नसला की माणूस कान झाकतो. हा हात वर करतो, आणि तुमच्याकडं बघतो." तिनं वही मिटली. "तो काहीतरी सांगतोय. याच्या वडिलांच्या खात्यातलं कुणी आहे का अजून तिथं?"

"अहो, तो काय सांगणार? रविवारी त्याला न्यायला जीप येतीय!"

"मग उद्याचा दिवस सोडा. शनिवारी इचलकरंजीला जाऊ या," ती म्हणाली, जशी काही मी हो म्हटलंच होतं.

मी गेले ती तिला खोटं पाडायला गेले. हे लपवण्यात अर्थ नाही.

शनिवारी सकाळी एसटीत आम्ही तिघं बसलो. गाडी सुरू झाली आणि गुंडूचा हात वर गेला. लोक बघायला लागले, मी दातओठ खात त्याचं मनगट धरलं, तर संघप्रियानं माझा हात बाजूला केला. चोकाकच्या अलीकडं कंडक्टर मागून ओरडला, "काय ओ पावणं, हितं उतरायचं हाय व्हय? मगाधरनं हात वर करून बसलाय!" आणि त्यानं हात उंच करून दोरी ओढली. घंटी वाजली, गाडी थांबली. गुंडूनं कंडक्टरच्या वर गेलेल्या हाताकडं बघितलं, आणि आपला हात खाली घेतला. आपणहून. मी सात वर्षांत पहिल्यांदा तो हात आपणहून खाली जाताना बघितला. कंडक्टर चिडला, घंटी मारली, गाडी निघाली, आणि हात पुन्हा वर गेला. संघप्रिया माझ्याकडं बघत होती. मी खिडकीबाहेर बघितलं.

आमचं जुनं खातं तिथंच होतं, मालक दुसरा, पत्रा तोच. नव्या मालकानंही काही बदललं नव्हतं, तेच आठ माग, तोच दांडा, दाराशी तोच खटका. बाहेर रस्त्यापर्यंत खडखडाट ऐकू येत होता. माग दुरुस्त करणारा जुना जॉबर बाळासो अजून तिथंच होता. साठीचा, पांढऱ्या मिशा, कमरेला पाना खोचलेला. आम्हाला बघून तो दारात आला आणि गुंडू दिसताच जागच्या जागी थांबला. त्यानं काही विचारायच्या आत गुंडू उंबऱ्यावर चढला, आत तोंड करून उभा राहिला, आणि त्यानं हात वर केला.

मी सवयीनं म्हणणारच होते, हात खाली.

सगळ्यात जवळचा विणकर, कुणी अनोळखी माणूस, त्यानं मान वर करून बघितलं. गुंडू कोण, कुठला, काही विचारलं नाही. त्यानं आपला हात तसाच वर केला, पंजा उघडा, बोटं पसरलेली, आणि दुसऱ्या हातानं मागाची मूठ ओढून माग थांबवला. त्याच्या पलीकडच्यानं त्याचा हात बघितला आणि आपला वर केला. मग त्याच्या पलीकडच्यानं. एकेक हात वर जात गेला, एकेक माग थांबत गेला, आणि शेवटी बाळासोनं खटका पाडला.

एवढी शांतता मी जन्मात ऐकली नव्हती. रस्त्यावरून माणसं धावत आली. "काय झालं? कोण अडकलं? कुणाला लागलं?"

आठ विणकर हात वर करून आमच्याकडं बघत होते. गुंडूनं प्रत्येकाकडं नीट बघितलं, शेवटपर्यंत, आणि मग हात खाली घेतला. तो चालत गेला तो सरळ तिसऱ्या आणि चौथ्या मागाच्या मधल्या बोळात. तिथं उकिडवा बसला आणि जमिनीवर हात फिरवून बघायला लागला. मग मागाच्या खाली वाकून बघितलं. मग परत जमिनीवर.

मी त्या उंबऱ्यावरच बसले. काय चाललंय ते मला कळलं होतं, पण ते खरं असू नये असं वाटत होतं.

"मामा," संघप्रियानं बाळासोला विचारलं, "हा हात म्हणजे काय?"

बाळासोच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं. "खात्यात आवाजामुळं काय ऐकू येत न्हाई, पोरी. समदं बोलणं हातानं. धागा तुटला, कांडी संपली, दिवाणजी आला, पानी दे, समद्याला हात. आन ह्यो हात म्हंजी माणूस पडलंय, माग बंद करा. ज्यो बघंल त्येनं आपला हात वर करायचा, म्हंजी बघितलं म्हणून उत्तर. आन ज्येनं पयला केला, त्येनं उत्तर येऊन माग थांबस्तंवर खाली घ्यायचा न्हाई. मेला तरी न्हाई. आमच्या खात्याचा नेम हाय त्यो."

"आणि खटका?" मी विचारलं. "दोन पावलांवर खटका होता, मामा! तो का नाही दाबला यानं?"

"त्यो कसा दाबंल, सूनबाई?" तो जवळजवळ माझ्यावर खेकसला. "बारकं असताना एकदा खटक्याला हात लावला आन फेकलं गेलं की ते! जळालं हुतं बोट. तवा आप्पांनी त्येला सा म्हैनं शिकिवलं. खटक्याकडं गेला की काठी, हात वर केला की गुळाचा खडा. म्या सोता बघितलंय. 'खटक्याला शिवायचं न्हाई गुंडू, हात वर कर, आमी येतो.' त्यो बापाचं ऐकत हुता त्या दिवशी. आमीच नाक्यावर च्या ढोसत हुतो."

"मग हे तुम्ही सांगितलं का नाही? इतकी वर्षं?"

"मला वाटलं तुमास्नी ठावं हाय! मालकाच्या घरात ह्ये ठावं नसंल असं कुणाला वाटंल?" त्यानं मिशीवरून हात फिरवला. "आन तोंड दाखवायची लाज बी वाटत हुती. मालक पडला तवा मी हितं नव्हतो."

बाळासो बोळात गेला आणि गुंडूसमोर उकिडवा बसला. गुंडूनं दोन बोटं कपाळाला टेकवली आणि पंजा उलटा केला. हा 'चाळा' मी हजार वेळा बघितला होता; जेवताना, गॅलरीत, माझ्या मुलाच्या वाढदिवसाला सगळ्या पाहुण्यांसमोर.

"काय म्हणतोय?" मी विचारलं.

"मालक कुठं गेलं म्हणतोय."

सात वर्षं तो माझ्या घरात हेच विचारत होता, आणि पाहुणे गेल्यावर मी त्याला बोलले होते.

बाळासोनं क्षणभर विचार केला. मग दोन्ही हातांनी आपल्या खांद्यांवरचा कापूस झटकला, डावा, उजवा. विणकर पाळी संपवून घरी निघताना झटकतात तसा. पाळी सुटली. मालक घरी गेले. गुंडू बराच वेळ त्याच्याकडं बघत बसला. मग त्यानं हळूहळू आपले खांदे झटकले, ज्यांच्यावर काही नव्हतं, आणि उठून माझ्याजवळ येऊन उभा राहिला.

परतताना संघप्रियाच्या वहीत बाळासोनं दाखवलेल्या चोवीस खुणा होत्या. ती गाडीत पहिल्यांदाच भरभर बोलत होती. "सोमवारी अकराला मी गिरणीपाशी उभी राहते. त्यानं हात केला की मी हात करते, आणि गिरणीवाले दोन मिनिटं बंद करतील, मी सांगते त्यांना. मग परत चालू. रोज. त्याला कळेल की इथं बघणारं कुणीतरी आहे. वहिनी, सरांना मी समजावते. तुम्ही फक्त ती जीप थांबवा." मी मान हलवली. दुपारचं चारनंतर मी येईपर्यंत त्याला कोण बघणार, हे तिलाही ठाऊक नव्हतं आणि मलाही. वारणेहून मला घरी यायला साडेसहा वाजणार होते.

घरी आलो तर रुद्रेश गुंडूची पिशवी भरत होते. मी चपला न काढता सगळं सांगितलं. ते पलंगावर बसले आणि हातातला गुंडूचा शर्ट कितीतरी वेळ घडी करत राहिले. "मी त्याला म्हटलं होतं," ते म्हणाले. "आप्पांच्या बाराव्याला. सगळ्यांसमोर. तू मारलंस म्हटलं होतं."

अव्वा खुर्चीत बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं आणि त्यांचा चेहरा काही हलला नाही. मला वाटलं ऐकू आलं नाही की काय, म्हणून मी परत सांगितलं. हात म्हणजे काय, उत्तर म्हणजे काय, तो कुणाची वाट बघत होता.

"माझी," अव्वा म्हणाल्या.

"काय?"

"माझी वाट बघत हुता त्यो. मी गेलतो तितं." त्या भिंतीकडं बघून बोलत होत्या. "कांड्यांची पाटी ठिवाय गेलतो. ह्यो दारात हात वर करून हुबा. माझ्याकडं बघत हुता. मला वाटलं ख्योळ लावलाय. पाटी ठिवली, 'हात खाली घे रं' म्हटलं, आन मनगटावर चापट दिली. त्येनं परत वर केला. मी परत दिली. माग तर चालूच हुतं. आत बघितलं न्हाई. आत बघायचं न्हाई असं ह्यांनीच सांगितल्यालं. घरला आलो. पंधरा-वीस मिंटांनी परसात आलो, तर ह्येचा हात अजून वरच. तवा गेलो आत."

रुद्रेशनी शर्ट बाजूला ठेवला, अव्वा अजून भिंतीशीच बोलत होत्या.

"कुणाला सांगू? सा म्हैन्यांत मलाच कळाय लागलं, ह्यो हात वर करतोय त्यो मला करतोय. रोज करतोय. रोज मला इच्यारतोय. म्हणून म्हटलं, न्हेऊन घाला ह्येला कुटंबी."

मला काय वाटलं ते सरळ सांगते. मला त्या बाईचा असा राग आला की मी खोलीबाहेर गेले. सात वर्षं स्वतःचा गुन्हा त्या मुक्या माणसाच्या माथ्यावर ठेवला, आणि चापट माझ्या हातात दिली! मी गॅलरीत जाऊन उभी राहिले. आणि त्याच वेळी मला हेही कळत होतं, की मीसुद्धा आत कधी बघितलं नव्हतं.

सहाला खालची मोटर सुरू झाली. आमच्या बिल्डिंगची पाण्याची मोटर, रोज सहाला लागते, टाकी भरेपर्यंत पाऊण तास चालते. मी आत बघितलं. गुंडू उठला, आणि अव्वांच्या खुर्चीसमोर जाऊन उभा राहिला. त्यानं हात वर केला.

अव्वा त्याच्याकडं बघत राहिल्या. मला वाटतं सात वर्षांत पहिल्यांदा त्यांनी त्याच्या तोंडाकडं बघितलं असेल. मग त्यांनी खुर्चीच्या दांड्यावरचा आपला हात उचलला आणि वर केला. अर्धाच गेला, खांदा दुखतो त्यांचा. पण पंजा उघडा होता.

गुंडूनं तो हात बघितला. पण मोटर चालूच होती, आणि त्यानं आपला हात खाली घेतला नाही.

"थांब," अव्वा म्हणाल्या, "जातो मी."

रुद्रेश म्हणाले, "अव्वा, मी जातो खाली," तर त्यांनी हातानंच त्यांना मागं सारलं. भिंतीला धरून, कठड्याला धरून, एकेक पायरी दोन्ही पाय टेकवत अव्वा दोन मजले उतरल्या. मी मागून गेले, पण हात दिला नाही. रागही होता आणि मला वाटलं, यात आपण हात द्यायचा नाही. तळमजल्यावर मोटरच्या खोलीत जाऊन त्यांनी बटण पाडलं. वर बघितलं तर दुसऱ्या मजल्याच्या कठड्याशी गुंडू उभा होता. त्याचा हात खाली होता.

दहा मिनिटांत पहिल्या मजल्यावरचे कुलकर्णी बाहेर आले. "मोटर कुणी बंद केली? टाकी अर्धी पण भरली नाही!"

"म्या केली," अव्वा जिन्याच्या पायरीवर बसून धापा टाकत म्हणाल्या. "एक दीस पान्याबिगर मरत न्हाईसा."

वर यायला त्यांना अर्धा तास लागला. दारात आल्यावर त्या टेकल्या, आणि माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "त्या जीपवाल्याला फोन कर, येऊ नगं म्हणावं. आन तू सोमवारी जा शाळंला. चारनंतर मी हाय हितं."

रविवारी सकाळी आख्ख्या बिल्डिंगला पाणी नव्हतं. आम्हालाही नव्हतं. कुलकर्णींच्या बाई जिन्यात उभ्या राहून बोलत होत्या, आणि मी रिकामी बादली घेऊन खालच्या नळाला रांगेत उभी होते. माझ्या पुढं गुंडू होता, त्याच्या हातात अव्वांची कळशी होती.